नवीन एव्ही रिसीव्हर : कोणी मोजेपर्यंत थांबायचं की बुक करून टाकायचा?

प्रतापनगरवाला | २४ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज विचारायचंच ठरवलं कारण डीलरचा तिसरा फोन येऊन गेला.

घरी १२ बाय १५ चा हॉल आहे, ५.१ चा सेट (पाच स्पीकर आणि एक सबवूफर), त्यांना आवाज पुरवणारा रिसीव्हर ११ वर्षं जुना. दरवर्षी नवतपा लागायच्या सुमारास हा रिसीव्हर सिनेमाच्या मधातच प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, समोरचा लाल लाईट लुकलुकतो आणि सगळं चूप. मागच्या रविवारी बाबा सिनेमा पाहत होते आणि शेवटची दहा मिनिटं राहिली असताना बंद पडला. बाबा ७६ चे आहेत, कानाला मशीन आहे, संध्याकाळचा तेवढा एक सिनेमा हीच त्यांची करमणूक. त्यांना डायलॉग कळले पाहिजेत ही माझी पहिली गरज, हेलिकॉप्टर आणि स्फोट नंतर.

आता एका मोठ्या जपानी कंपनीचा नवीन ९ चॅनलचा रिसीव्हर आलाय. मॉडेलचं नाव मुद्दाम नाही लिहीत, लिहिलं की धागा ब्रँडच्या भांडणात जातो. किंमत दीड लाखाच्या वर. ब्रोशरवर १२५ वॅट प्रति चॅनल, डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) ०.०५ टक्के, ८के, सगळं आहे. पण स्वतंत्रपणे अजून कोणीच मोजला नाही. व्हिडिओ ढिगाने आलेत, सगळ्यांत खोकं उघडतात, रिमोट दाखवतात, मागची सॉकेटं मोजतात आणि साउंडस्टेज, म्हणजे आवाजाचा पसारा, मोठा झाला म्हणतात. एकानेही मीटर लावला नाही.

डीलर म्हणतो ३१ तारखेच्या आत बुक करा, १२ हजार कमी करतो. माझं मत असं झालंय की एवढे पैसे घालायचे तर ज्याला विकण्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसाने आधी यंत्रावर लावून पाहिला पाहिजे. ऑडिओ सायन्स रिव्ह्यू या वेबसाइटवर ऑडिओ प्रिसिजन कंपनीचं एपीएक्स ५५५ मशीन लावून मोजतात तसं. तुम्ही काय केलं असतं? आणि मोजमापं आली की त्यात नेमकं काय पाहायचं?

जुना_टेपवाला | २४ मे, रात्री ११:१५

तुमच्या बाबांपेक्षा मी थोडाच लहान. माझा अनुभव सांगतो, पटला तर घ्या. १९८० च्या दशकापासून टेप, डेक, अॅम्प्लिफायर घेत आलो, कधी आलेख पाहिला नाही. सीताबर्डीत दुकानात बसायचं, आपली कॅसेट न्यायची, डोळे मिटून ऐकायचं. तबल्याची चाट खरी वाटली की घ्यायचं. गाणं कागदावर नाही ऐकायचं आहे तुम्हाला. दुकानात जाऊन बाबांना सोबत बसवा, त्यांना आवडला की घेऊन टाका, १२ हजार म्हणजे लहान रक्कम नाही.

रिपेअरवाला_इतवारी | २५ मे, सकाळी ७:५०

काका, कानाचं खरं आहे पण कान दुकानात पहिल्या दहा मिनिटांचं सांगतो, माझ्या टेबलावर वस्तू येते ती तिसऱ्या उन्हाळ्यात. बावीस वर्षं हेच काम करून राहिलो त्यामुळे थोडं लांब लिहितो.

पहिलं वॅटचं. ब्रोशरवर १२५ लिहिलंय त्याच्या बाजूला बारीक अक्षरात काय आहे ते वाचा. २ चॅनल ड्रिव्हन (दोनच चॅनल चालवून), ८ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा), २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, असं असेल तर तो आकडा खरा आहे, पण दोन चॅनलचाच. ९ ला १२५ ने गुणून ११२५ वॅट काढू नका. आतमध्ये ट्रान्सफॉर्मर एकच असतो, पॉवर सप्लाय सगळ्या चॅनलला वाटून जाते, पाच चॅनल एकदम जोर लावायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. आणि जिथे ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १ चॅनल, १० टक्के डिस्टॉर्शन असं लिहिलं असेल तो आकडा तर पाहूच नका. मागच्या पट्टीवर जे कन्झम्प्शन लिहिलेलं असतं तेही कमाल नसतं, ठराविक टेस्टचं असतं, त्यावरून भागाकार करणारे चुकतात.

काका, तुम्हाला पीएमपीओ, तो वॅटचा फुगवलेला आकडा, आठवत असेल. नव्वदच्या दशकात हातात उचलता येईल अशा टू-इन-वनवर २००० वॅट पीएमपीओचं चकचकीत स्टिकर असायचं. मागच्या अॅडॅप्टरवर पाहिलं तर २५-३० वॅट. अमेरिकेत असाच गोंधळ झाला होता म्हणून १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अॅम्प्लिफायरचे वॅट कसे सांगायचे त्याचा नियमच केला. म्हणजे मोजणं हे नवीन पोरांचं फॅड नाही, फसवणूक झाली तेव्हापासूनचं आहे.

दुसरं गरमीचं. बऱ्याच रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये चालवण्याचं तापमान ३५ अंशापर्यंत दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, बंद खोलीत ३८-३९, आणि रिसीव्हर टीव्ही युनिटच्या खणात, वर सेट टॉप बॉक्स ठेवलेला. परवाच एक आला, झाकण उघडलं तर मधला भाग चॉकलेटी पडलेला, एचडीएमआय बोर्डाजवळचे दोन कॅपॅसिटर वरून फुगलेले, आणि हीटसिंकच्या पंखांच्या मधात वाळलेली पाल. प्रतापनगरवाले भाऊ, तुमचाही असाच खणात आहे का? असला तर आजच बाहेर काढा, वर एक वीत जागा मोकळी ठेवा. प्रोटेक्शनचा अर्धा त्रास तिथेच जाईल असं माझं मन सांगते.

प्रतापनगरवाला | २५ मे, सकाळी ९:०५

हो, खणातच आहे. आणि वर सेट टॉप बॉक्सच आहे. ऑफिसमधून आलो की काढतो.

काका, दुकानाचं सांगतो. बाबांना घेऊन गेलो होतो मागच्या महिन्यात, दुकानाचं नाव नको. आधी माझ्यासारखाच जुना रिसीव्हर लावला, मग नवीन. नवीन लावताना विक्रेत्याने व्हॉल्यूम थोडा वाढवला, फार नाही, पण मला समोरच्या डिस्प्लेवर दिसला. बाबा म्हणाले, हा चांगला आहे. मी तोच आवाज जुन्यावर वाढवायला लावला तर बाबा म्हणाले, अरे हाही चांगलाच आहे. तेव्हापासून माझा दुकानातल्या ऐकण्यावरचा विश्वास गेला. बाबांच्या कानावर नाही, पद्धतीवर.

धरमपेठ_आरती | २५ मे, दुपारी १:३०

तुमच्या बाबांनी जे केलं तेच सगळे करतात, मीसुद्धा. जरा मोठा आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. त्यामुळे दोन यंत्रांची तुलना करायची तर स्पीकरच्या तारेवर मल्टिमीटर लावून दोन्हीकडे व्होल्टेज सारखं करायचं, फरक ०.१ डेसिबलच्या आसपास ठेवायचा, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १ टक्का. आणि कोणतं चालू आहे ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. ध्वनी संशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये वर्षानुवर्षं हेच केलं, पडद्यामागे स्पीकर ठेवून लोकांना ऐकवलं, आणि त्यातून दिसलं की डोळ्याआड ठेवलं की बहुतेकांची पसंती सारखीच निघते, ज्याचा मोजलेला आलेख सरळ आणि गुळगुळीत तोच स्पीकर लोक उचलतात. म्हणून टेपवाले काका, कान आणि मोजमाप यांचं भांडण नाही. कानांनी जे निवडलं तेच मोजमापात दिसतं, फक्त कानांना नीट संधी द्यावी लागते.

पण दादा, तुम्हालाही एक सांगते. तुम्ही ज्या आकड्याची वाट पाहून राहिले आहात तो तुमच्या हॉलमध्ये कितपत ऐकू येणार याचा विचार केलाय का? कूलर चालू असतो ना सिनेमा पाहताना?

प्रतापनगरवाला | २५ मे, रात्री ९:२०

असतो ना. खिडकीतला, खसच्या ताट्यांचा. त्याशिवाय मे महिन्यात बसताच येत नाही.

रिसीव्हर खणातून काढून युनिटच्या वर ठेवला. हात लावला तर झाकण चटका देऊन राहिलं होतं, फक्त बातम्या चालू होत्या तरी.

धरमपेठ_आरती | २५ मे, रात्री १०:१०

मग हिशोब पाहा. सिनॅड नावाचा जो आकडा सगळे आधी पाहतात, तो म्हणजे मूळ सिग्नलच्या खाली नॉइज आणि डिस्टॉर्शन किती डेसिबलवर आहे ते. ८० म्हणजे ०.०१ टक्का, १०० म्हणजे ०.००१ टक्का. सीडीच्या १६ बिटचं गणित ९८ च्या आसपास येतं. माझ्या घरी कूलर हायवर असताना फोनचं अॅप सोफ्यापाशी ५७-५८ दाखवतं, फोनचा माइक काही लॅबचा नाही पण अंदाज येतो. आपण डायलॉग ऐकतो ६५-७० ला. म्हणजे कुजबुजीचा सीन असला की कूलर आणि कुजबुज एकाच पातळीवर. तिथे ८५ सिनॅडचा रिसीव्हर आणि १०० चा, बाबांना काहीही फरक नाही पडणार. कूलर हायवरून लोवर नेला तर पडेल.

हे तुम्हाला थांबवायला नाही सांगत आहे. मोजमापं आली की कोणतं पान उघडायचं ते सांगते आहे. पहिल्या पानावरचा एक मोठा आकडा पाहून लोक निर्णय घेतात, तो तुमच्यासाठी सगळ्यात कमी कामाचा.

मिहान_नाईटशिफ्ट | २६ मे, पहाटे ४:२५

थांबा भाऊ, नक्की थांबा, आणि नुसत्या आवाजाच्या मोजमापासाठी नाही. २०२० मध्ये काय झालं आठवा. एचडीएमआय २.१ (चित्र-आवाजाच्या तारेचा नवा प्रकार) वाले पहिले रिसीव्हर आले, डेनॉन, मरान्झ, यामाहा, सगळ्यांनी ४के १२० (सेकंदाला १२० चित्रं) लिहिलं खोक्यावर. मग एका जर्मन मासिकाने एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि नवीन ग्राफिक कार्ड लावून पाहिलं तर स्क्रीन काळी. चिपमध्येच गडबड होती, सॉफ्टवेअर अपडेटने जाणारी नव्हती. नंतर डेनॉन-मरान्झने ग्राहकांना वेगळा अॅडॅप्टर बॉक्स दिला, यामाहाने बोर्ड बदलून द्यायची सोय केली. त्यांनी जबाबदारी घेतली हे चांगलंच झालं पण ज्यांनी पहिल्या महिन्यात घेतला त्यांचे महिने गेले ना. खोक्यावर लिहिलेलं आणि तारेतून जाणारं यात फरक असू शकतो हे बाहेरच्या माणसाने लावून पाहिलं म्हणून कळलं.

अजून एक. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये नोबेओकाला आसाही कासेईच्या चिप फॅक्टरीला आग लागली. त्यांची डॅक चिप (डिजिटल सिग्नलचा आवाजी सिग्नल करणारी) किती तरी रिसीव्हरमध्ये होती. पुरवठा बंद झाल्यावर काही मॉडेल्समध्ये नाव तेच राहिलं आणि आत दुसऱ्या कंपनीची चिप आली. म्हणजे मोजमाप वाचताना कधीच्या पीसचं आहे तेही पाहायचं. मी स्वतः माझा रिसीव्हर सात महिने थांबून घेतला, शिफ्ट संपवून पहाटे हेडफोन लावून गेम खेळत काढले ते सात महिने, पण एकदाही परत करावा लागला नाही.

जुना_टेपवाला | २६ मे, सकाळी ८:००

पीएमपीओची आठवण खरी आहे. माझ्याकडे तसला एक होता, स्टिकर अजून शोकेसच्या काचेवर चिकटवलेलं आहे नातवाने. आरतीबाईंचं पडद्यामागचं ऐकून विचारात पडलो. आम्ही डोळे मिटून ऐकायचो पण दुकानदार आधी किंमत सांगून मोकळा झालेला असायचा.

एक शंका. हे सगळे मोजणारे अमेरिकेत. तिथे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. त्यांचा आकडा आपल्याला लागू कसा होईल?

रिपेअरवाला_इतवारी | २६ मे, दुपारी २:४५

चांगलं विचारलं काका. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी वेगळी असते, सेकंडरीला बाहेर येणारं व्होल्टेज तेच ठेवलेलं असतं, त्यामुळे डिस्टॉर्शन, नॉइज, प्री-आउट (वेगळ्या अॅम्पला देायचा सिग्नल), हे सगळं बऱ्यापैकी लागू पडतं. वॅटचा आकडा मात्र भिंतीतल्या व्होल्टेजवर हलतो. लॅबमध्ये व्होल्टेज सांभाळून मोजतात. आपल्या गल्लीत संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले की २०५ पर्यंत खाली आलेलं मी पाहिलं आहे. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या रिसीव्हरमध्ये तेवढ्याच टक्क्याने आतली रेल, म्हणजे अॅम्पला मिळणारं व्होल्टेज, खाली येते, आणि पॉवर वर्गाने कमी होते. १० टक्के व्होल्टेज गेलं तर १९ टक्के पॉवर गेली.

आणि भाऊ तुम्ही विचारलं होतं काय पाहायचं. माझ्यासारखा माणूस तीन आलेख पाहतो. ४ ओहमवर किती टिकतो, कारण स्पीकरवर ८ लिहिलेलं असलं तरी काही फ्रिक्वेन्सीला तो ४ पर्यंत उतरतो. पाच चॅनल एकदम चालवल्यावर किती मिळते. आणि ५ वॅटच्या आसपास डिस्टॉर्शन काय, कारण घरात आपण तिथेच राहतो. यात जो बरा निघाला, त्याचा सिनॅड दोन-चार डेसिबल इकडेतिकडे असला तरी मी घेईन.

प्रतापनगरवाला | २७ मे, रात्री ११:५०

५ वॅट वाचून खरं वाटलं नाही म्हणून मल्टिमीटर एसीवर ठेवून सेंटर स्पीकरच्या (डायलॉगचा मधला स्पीकर) टर्मिनलला लावला आणि बाबांचा रोजचा सिनेमा रोजच्या व्हॉल्यूमवर चालवला. काटा नाही, डिजिटल आहे, आकडे नाचत होते, डायलॉगला १ ते २ व्होल्ट, गाण्याला थोडं वर. २ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला अर्धा वॅट. अर्धा! मी तिथेच जमिनीवर बसून तीनदा गुणाकार केला.

धरमपेठ_आरती | २८ मे, सकाळी ६:४०

बरोबर आहे तुमचं गणित. फक्त मल्टिमीटर सरासरी दाखवतो, फटाका फुटल्याचा किंवा दार आपटल्याचा क्षण त्याला पकडता येत नाही. सिनेमात असे क्षण सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतात, आणि २० डेसिबल म्हणजे शंभर पट. अर्धा वॅट गुणिले १००, ५० वॅट. म्हणून मोठा अॅम्प लागतो, पण क्षणभरापुरता. १०० वॅटवरून २०० वर गेलात तरी हातात ३ डेसिबलच येतात, त्यासाठी लाखभर अधिक घालू नका.

आता बाबांच्या डायलॉगचं. सेंटर स्पीकर कुठे ठेवला आहे? फोटो टाका.

प्रतापनगरवाला | २८ मे, रात्री ८:३०

फोटो टाकला आहे. टीव्ही युनिटच्या मधल्या खणात, साधारण सहा इंच आत. वर आईने विणलेला रुमाल आहे, तो समोरून थोडा लोंबतो.

धरमपेठ_आरती | २८ मे, रात्री ९:१५

दादा, हा स्पीकर पेटीत बसून बोलतो आहे. खणाच्या फळीवर आणि बाजूच्या भिंतींवर आपटून आवाज बाहेर येतो आणि शब्दांच्या कडा पुसल्या जातात. त्याला खणाच्या तोंडापर्यंत, किंबहुना अर्धा इंच बाहेर ओढा, पुढून खाली रबर लावून किंचित वर कलवा म्हणजे तोंड बाबांच्या कानाकडे होईल. रुमाल मागे सरकवा. सेंटर चॅनल २ डेसिबल वाढवा. आणि घरात यूएसबी माइक असला तर रूम ईक्यू विझार्ड नावाचं खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, नसला तर माझा युमिक-१ माइक घेऊन जा, शंकरनगर चौकात भेटू. १५ फुटांच्या खोलीत ३८ हर्ट्झच्या आसपास फुगवटा (तेवढाच सूर जास्त मोठा) मिळाला नाही तर मला आश्चर्य वाटेल. बासची ती घुमघुम शब्दांवर चढून बसते.

मिहान_नाईटशिफ्ट | २९ मे, पहाटे ५:०५

ताई हा आकडा माइक न लावता कसा काढला?

धरमपेठ_आरती | २९ मे, सकाळी ९:३०

आवाजाचा वेग भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर. वेग २० अंशाला ३४३ मीटर प्रति सेकंद, पण आपल्या हॉलमध्ये आत्ता ३२-३३ अंश असणार, तिथे ३५० धरा. ३५० भागिले ९.१४, ३८. जानेवारीत तोच फुगवटा ३७ च्या जवळ येईल. रिसीव्हर कोणताही घ्या, हा फुगवटा खोलीचा आहे, तो राहणारच. म्हणून रिसीव्हरमधलं रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज सुधारणारी सोय) ३०० हर्ट्झच्या खाली कसं वागतं तेही मोजलेलं पाहा, अॅम्पइतकंच ते महत्त्वाचं आहे.

प्रतापनगरवाला | ३१ मे, दुपारी ४:१०

काल ताईंकडून माइक आणला. हळू आवाजात खालून वर जाणारी शीळ वाजते, स्क्रीनवर रेघ उमटत जाते. ३८ ला डोंगर, ११ डेसिबलचा. सबवूफर कोपऱ्यातून काढून सोफ्याच्या बाजूला भिंतीच्या मध्यापर्यंत आणला तर तो ५ वर आला. दिवसभर हेच करून राहिलो होतो, हॉलभर तारा, आई दोनदा अडखळली.

सेंटर स्पीकर बाहेर ओढला, खाली दारं आपटू नये म्हणून लावतात ते रबराचे तुकडे लावले. रात्री बाबा नेहमीसारखे बसले. अर्ध्या तासाने त्यांनी रिमोट घेतला आणि आवाज चार पायऱ्या खाली आणला. मी काही बोललो नाही, फक्त पाहत होतो. गेल्या तीन वर्षांत त्यांना आवाज वाढवतानाच पाहिलं आहे.

रिसीव्हरही सहा दिवसांत एकदाही प्रोटेक्शनमध्ये गेला नाही, नवतपा चालू असून.

डीलरचा फोन सकाळी आला होता. नाही म्हणालो, १२ हजार गेले तर गेले. तो म्हणाला नंतर पीस मिळणार नाही. मिळाला नाही तर दुसरा पाहू, पण ४ ओहमचा, पाच चॅनलचा आणि ५ वॅटचा आलेख समोर आल्याशिवाय मी पैसे नाही काढणार. कोणाला आधी दिसला तर इथे टाका, रात्री दोन वाजता दिसला तरी टाका.

जुना_टेपवाला | ३१ मे, संध्याकाळी ६:००

बाबांना माझा नमस्कार सांगा. इतवारीवाले भाऊ, माझ्याकडचा १९८७ चा अॅम्प्लिफायर आहे, अजून चालतो. त्याच्यावर ४० वॅट लिहिलंय. तो मोजता येईल का?

रिपेअरवाला_इतवारी | ३१ मे, रात्री ८:२०

का नाही येणार काका. माझ्याकडे ८ ओहमचे १०० वॅटवाले दोन रेझिस्टर आहेत, हीटसिंकवर बसवलेले, आणि स्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा) आहे. ४० वॅट म्हणजे ८ ओहमवर १७.९ व्होल्ट. साइन वेव्ह देऊन हळूहळू वाढवत न्यायचं, डोकं चपटं व्हायला लागलं की थांबायचं आणि व्होल्टेज लिहून घ्यायचं. प्रतापनगरवाले भाऊ, तुमचाही जुना आणा, ११ वर्षांनी किती उरलाय ते कळेल, म्हणजे नव्याच्या आलेखाशी लावून पाहायला तुमच्याजवळ काहीतरी राहील. शनिवारी चारनंतर या, दुपारी दुकानात बसवत नाही. अॅम्प आणताना मांडीवर ठेवून आणा काका, डिक्कीत नको.

प्रतापनगरवाला | ३१ मे, रात्री ८:४५

काका तुम्ही कुठे राहता? माझी गाडी आहे, जाताना तुम्हाला घेऊन जातो. बाबाही येतो म्हणत आहेत.